दूध हे द्रावण नव्हे

मिठाचे पाणी, गढूळ पाणी आणि दूध ही तिन्ही मिश्रणेच. पण शाळेत मला सर्वाधिक गोंधळात टाकले ते दुधाने. मीठ पाण्यात पूर्ण विरघळते, म्हणून ते द्रावण समांगी, म्हणजे सगळीकडे एकसारखे. गढूळ पाण्यातील माती काही वेळाने तळाशी बसते, ते निलंबन. दूध मात्र डोळ्यांना एकजीव भासले, तरी त्यात स्निग्धाचे सूक्ष्म थेंब आणि केसीन या प्रथिनाचे साधारण 50 ते 500 नॅनोमीटर व्यासाचे कण विखुरलेले असतात, म्हणून ते कलिल, आणि कलिल विषमांगीच, म्हणजे सगळीकडे एकसारखे नसलेले, मानले जाते. अंधाऱ्या स्वयंपाकघरात पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकून मी विजेरीचा झोत सोडला, तेव्हा मिठाच्या पाण्यात न दिसलेली प्रकाशाची वाट त्यात स्पष्ट उजळली. कलिलातील कण प्रकाश असा विखुरतात, हाच टिंडल परिणाम.