तीनवर चाललेली गाडी

गेल्या रविवारी दुपारी सिंहगड रस्त्यावरच्या सिग्नलला गाडी उभी असताना डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला. इंजिनाचे ते चित्र आमच्या घरात कोणालाच इंजिनासारखे दिसत नाही. बायकोला त्यात चहाची किटली दिसते आणि मला विहिरीवरचा पंप. दिवा लागला की माझ्या हातून होणाऱ्या गोष्टींचा क्रम ठरलेला आहे. आधी गाणी बंद करायची, मग काचा खाली घ्यायच्या आणि मग, कोणी काही विचारलेले नसताना, ‘काही नाही, काही नाही’ असे म्हणायचे.

शेजारी बाबा बसले होते. त्यांना ८१ वर्षे पूर्ण झाली आहेत, दोन्ही कानांना यंत्रे आहेत आणि गाडीत बसल्यावर ती यंत्रे काढून खिशात ठेवण्याची त्यांना सवय आहे. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि म्हणाले, “तीनवर चाललीये.”

मी ते मनावर घेतले नाही, कारण माझ्याकडे आगपेटीएवढे एक यंत्र आहे. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, १६ पिनांचा एक सॉकेट असतो. त्यात ते खुपसले की फोनवर गाडीची तक्रार आकड्यांत वाचता येते. घरी पोचल्यावर मी आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण तीनदा ‘कट्’ असा आवाज होईपर्यंत फिरवले, कारण नुसते झाकण सैल राहिले तरी हा दिवा लागू शकतो आणि तेवढ्यावर सुटका झालेली कोणाला नको असते? पण फोनवर आकडा आला ‘पी ०३०२’. पी म्हणजे इंजिनाकडचे दुखणे, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांनी मान्य केलेला सामाईक आकडा, तीन म्हणजे ठिणगीच्या गोतावळ्यातले काहीतरी आणि शेवटचे दोन म्हणजे सिलेंडर क्रमांक दोन. गाडी मिसिंग करत होती. चारांपैकी एक सिलेंडर मधूनमधून काम सोडत होता, म्हणजे ती तीनवर चालली होती.

हा दिवा मुळात माझ्या सोयीसाठी नाहीच, हे मला फार उशिरा कळले. लॉस एंजेलिसच्या धुरक्याला कंटाळलेल्या कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलपासून गाड्यांवर स्वतःची तपासणी स्वतः करण्याची सक्ती केली, आणि १९९६च्या मॉडेलपासून सगळ्या अमेरिकेत एकच सॉकेट आणि एकच आकडेवारी आली. न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटले तर तो जळून जातो, म्हणूनच मिसिंग फार वाढली की हा दिवा नुसता लागत नाही, उघडझाप करू लागतो. तेव्हा मात्र गाडी दामटू नये. माझा दिवा स्थिर होता.

बाबांच्या फियाटला असला दिवा नव्हता. एका मे महिन्यात कऱ्हाडला आजोळी जाताना खंबाटकीच्या घाटात ती अशीच हिसके देऊ लागली. बाबांनी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडले. मग हाताला रुमाल गुंडाळून ते एकेका प्लगची टोपी उपसू लागले. पहिली उपसली, इंजिन आणखी धडपडले. ती परत बसवली. दुसरी उपसली, पुन्हा तेच. तिसरी उपसली आणि आवाजात काडीचाही फरक पडला नाही. “हा बघ, हा मेलाय,” असे ते मला म्हणाले आणि त्याच क्षणी रुमालातून झटका बसून त्यांनी जी शिवी हासडली, ती मी जन्मात पहिल्यांदा ऐकली. आई गाडीत मागे बसून काकडी चिरत होती. तिने फक्त मीठ मागितले.

दुसऱ्या दिवशी मीही तेच केले, फक्त झटक्याविना. इंजिन बंद करून दुसऱ्या सिलेंडरवरची, प्लगला ठिणगीपुरती वीज देणारी कॉइल पहिल्यावर आणि पहिल्यावरची दुसऱ्यावर बसवली. दोष कॉइलचा असता तर आकडा ‘पी ०३०१’ झाला असता. तो झाला नाही. प्लगांची अदलाबदल केली, तरीही आकडा दुसऱ्या सिलेंडरवरच ठाण मांडून बसला. मग मी टॉर्च तोंडात धरून वाकलो आणि इंजिनाच्या खाचेत मला भुईमुगाची टरफले दिसली, चांगली मूठभर, आणि त्यांच्या वर कॉइलकडे जाणारी, अर्धवट कुरतडलेली वायर. पावसाळ्यात इंजिनाची ऊब उंदरांनाही हवीशी वाटत असणार, पण शेंगा ते कुठून आणतात हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

वायर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने जोडून दिली. शेजाऱ्यांनी दिव्यावर काळी टेप लावण्याचा आणि दुसऱ्या एकाने बॅटरीची तार काढून आकडा पुसण्याचा सल्ला दिला होता. दोन्ही मी मानले नाहीत. दोष गेला असेल तर, तीन फेऱ्यांत तो पुन्हा दिसला नाही की दिवा आपोआप विझतो, आणि गाडीने स्वतः सांगेपर्यंत थांबायचे असा माझा हट्ट होता. गुरुवारी सकाळी तो विझला.

त्या संध्याकाळी सोसायटीतल्या जाणकारांच्या सांगण्यावरून मी तंबाखूची पाने कापडात बांधून बॉनेटखाली ठेवत होतो. उंदीर त्या वासाला फिरकत नाहीत म्हणे. बाबा जवळ येऊन उभे राहिले. त्यांनी तंबाखू सोडून वीस वर्षे झाली आहेत. त्यांनी पुरचुंडी हातात घेतली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

“उंदरांसाठी एवढी चांगली कशाला आणलीस?” ते म्हणाले.