आमची वाटचाल : धाव, दमणी आणि पटाची छकडी

धामणगाव रेल्वे तालुक्यात लाकडी चाकाचं काम म्हटलं की जुने लोक अजून आमच्याच कारखान्याचं नाव घेतात. आजोबा सुतार, त्यांचे भागीदार लोहारबाबा. पाटी कधी लावली नाही. आजोबांनी तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, कोरायचा, आरे, म्हणजे चाकाच्या दांड्या, ठोकायचे. लोहारबाबांनी धाव, म्हणजे चाकाभोवतीचं लोखंडी कडं, चढवायची. हिशेब पोळ्याला. वडिलांच्या काळात धंदा बरा चालला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

धाव चढवणं हे खरं काम. चाकाच्या कडेवर फिरकी, म्हणजे मापाचं लहान चाक, फिरवून घेर घ्यायचा, पट्टी त्याहून जराशी आखूड कापून कडं करायचं. गोवऱ्यांच्या जाळात ते लाल झालं की तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर उतरवायचं, घणानं बसवायचं आणि लगेच पाणी मारायचं. लोखंड आवळतं, आऱ्यांचे सांधे करकरत बसतात. करकर ऐकू आली नाही तर माप चुकलं समजा. लोहारबाबांची ती फिरकी आजही खुंटीला आहे. नव्या पोरांना मी टेप देतो, फिरकी देत नाही.

टायरच्या बंड्या, म्हणजे रबरी चाकांच्या बैलगाड्या, आल्या तेव्हा निम्मं गिऱ्हाईक गेलं, तरी पटाच्या छकड्यांनी, म्हणजे बैलांच्या शर्यतीत पळणाऱ्या छोट्या गाड्यांनी, आम्हाला तारलं. शंकरपटाची छकडी हलकी लागते, पण धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, तिच्यावर असतो आणि जोडी सुसाट सुटते. तिथं कण्याला, म्हणजे चाकांच्या आसाला, धावड्याशिवाय दुसरं लाकूड चालत नाही. तळेगाव दशासरच्या पटात आमच्या छकड्या पळायच्या. मग 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पट बंद. छकड्या तयार, न्यायला कोणी नाही. 2017 मध्ये पट सुरू व्हावेत म्हणून राज्यानं कायदा केला, तेव्हा कर्ज काढून सागवान भरलं, तर उच्च न्यायालयात तो कायदाही अडकला. त्या दिवसांत तालुक्यातला एक टायरबंडीवाला आमच्या गिऱ्हाइकांना सांगत फिरला की, "ते आता मोडीत निघाले." वर आमचंच सागवान दुसऱ्याला पुढं करून अर्ध्या भावात उचललं. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

तेव्हा एक म्हातारे पाटील मात्र दर उन्हाळ्यात येत राहिले. त्यांची दमणी, म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, आजोबांच्या हातची. दुरुस्तीचं काही नसलं तरी यायचे, चाकावर काठी टकटक वाजवून पाहायचे. "काऊन रे बाप्पू, दुकान बंद करतं म्हने? मंग माह्या दमनीले कोन पाहीन?" असं म्हणून दोन नवी चाकं सांगितली आणि आगाऊ पैसे ठेवून गेले. गरज नव्हती त्यांना, मला ठाऊक आहे.

16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयाकडून पटाला परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठानंही कायदा मान्य केला. पट पुन्हा भरतात. पेपरात जोडीचं नाव येतं, मालकाचं येतं, धुरकऱ्याचं येतं, घड्याळातले सेकंदही येतात. छकडी कोणी बांधली ते एकाही बातमीत नसतं. कणा मोडला की मात्र फोन आम्हालाच.

आता लग्नात नवरदेवाला दमणी हवी असते, म्हणून अंगणात सडणाऱ्या जुन्या दमण्या लोक शोधत येतात. घेणार असाल तर रंग पाहू नका. चाक उचलून आरे हातानं हलवा. एक जरी हलला तरी किंमत पाडा. उन्हात लाकूड आटतं, धाव ढिली होते, म्हणून चैत्रात चाकं नाल्यात भिजवा. ऑईलपेंट तर मुळीच मारू नका, भेगा आत लपतात. आणि हॉटेलच्या दारात उभं करायला चाक मागणाऱ्यांनो, धाव चढवलेल्या चाकाला लाकडाचा आणि हाताचा दोन्हींचा पैसा पडतो. भंगाराच्या भावात मागायचं असेल तर टायरबंडीवाल्याकडे जा, पत्ता मी सांगतो.