साडेबावीस इंच

मी दोन उन्हाळे एका लेकवर, म्हणजे मोठ्या तळ्यावर, लोकांना जवळपास एकच प्रश्न विचारत काढले, किती पकडले आणि किती सोडले. अमेरिकेत मिनेसोटाच्या अगदी वरच्या टोकाला लेक ऑफ द वूड्स आहे, त्याचा बराचसा भाग कॅनडात, १४ हजारांहून जास्त बेटं आहेत म्हणतात, पण आमच्या बाजूला जो मोठा पसारा आहे ना, बिग ट्रॅव्हर्स बे, तिथे मध्यावर गेलं की किनारा दिसत नाही आणि बेटंही फारशी नाहीत. मी मालवणचा, दांडीच्या किनाऱ्यावर वाढलेला, मलासुद्धा समुद्रात आल्यासारखं वाटायचं, फक्त वास नाही. एवढं पाणी आणि खारा वास नाही, हे पहिले काही दिवस मला खरंच सहन होत नव्हतं.

शिरगावच्या फिशरीज कॉलेजातून डिग्री घेऊन मी इकडे मास्टर्सला आलो आणि उन्हाळ्यात क्रील सर्व्हेचं काम घेतलं. क्रील म्हणजे गरवणाऱ्याची, गळाने मासे धरणाऱ्याची, मासे ठेवायची टोपली. धक्क्यावर उभं राहायचं, बोटी परत आल्या की विचारायचं, किती तास होतात, कोणता मासा पाहिजे होता, किती ठेवले, किती सोडले, ठेवलेल्यांची लांबी मोजायची. सगळे उत्तर देतात, आनंदाने देतात, मासा धरलेल्या माणसाला बोलायचंच असतं. थिसिससाठी मात्र मला अजून एक गोष्ट पाहिजे होती, सोडलेला मासा सोडताना कसा होता. ते धक्क्यावर कळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा मी कुणाच्या तरी चार्टर बोटीवर, म्हणजे गिऱ्हाइकांना गरवायला नेणाऱ्या भाड्याच्या बोटीवर, बसून जायचो, आणि प्रोटोकॉल असा की आपण फक्त बघायचं आणि लिहायचं, मध्ये पडायचं नाही, कारण आपण शिकवायला लागलो तर लोक एरवी काय करतात ते कसं कळणार.

इथे सगळा जीव वॉलआयवर. मिनेसोटाने १९६५ मध्ये त्याला राज्यमासा केलं, आपल्याकडे पापलेटाला केलं २०२३ मध्ये. सोनेरी-हिरवट अंग, दुधाळ काचेसारखे डोळे, त्या डोळ्यांच्या आत मांजराच्या डोळ्यात असतो तसा चकाकणारा थर, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात आपल्या भक्ष्यापेक्षा चांगलं दिसतं. म्हणून स्वच्छ पाण्याच्या लेकवर लोक पहाटे आणि तिन्हीसांजेला गरवतात, पण लेक ऑफ द वूड्सचं पाणी दलदलीतून येतं, चहासारखं तपकिरी, खाली उजेडच कमी, त्यामुळे भर दुपारीसुद्धा मासा लागतो. चव म्हणाल तर पांढरं, घट्ट, काटा कमी, मला आमच्याकडच्या मुडदुशाची आठवण व्हायची. तांदळाच्या पिठात तळून खाल्लाय मी, मस्त लागतो.

आणि आता नियम, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. इथे एका माणसाला वॉलआय आणि सॉगर (वॉलआयचा धाकटा भाऊबंद) मिळून ६ ठेवता येतात, त्यात वॉलआय ४ च्या वर नाही. पण साडेएकोणीस इंचापासून २८ इंचापर्यंतचा वॉलआय अजिबात ठेवायचा नाही, लगेच पाण्यात सोडायचा, याला स्लॉट म्हणतात. २८ च्या वरचा एकच ठेवता येतो. कारण सरळ आहे, त्या मापात बहुतेक माद्या असतात, नुकत्याच वयात आलेल्या किंवा ऐन अंडी घालायच्या वयातल्या, चार पौंडाची मादी एका वसंतात लाखभर अंडी घालते. आणि सोडायचा म्हणजे जिवंत असो की मेलेला, सोडायचाच. मेलेला ठेवता येतो असं एकदा म्हटलं की प्रत्येक मासा मेलेलाच निघेल, हे मला कुणी न सांगता पटलं होतं. वर्गात पटलं होतं म्हणजे.

जुलैचा दुसरा आठवडा. सकाळी धक्क्यावर मेफ्लाय किड्यांचा थर, पायाखाली करकर वाजत होता. वारा नाही. कॅप्टन पन्नाशीच्या बाई, वीसेक वर्षं याच पाण्यावर, आणि गिऱ्हाईक म्हणजे आयोवाचे एक शेतकरी आजोबा, त्यांचे दोन मित्र आणि दहा वर्षांचा नातू. नातवाची ही पहिलीच ट्रिप, त्याने रॉडला नाव ठेवलं होतं. रेनी रिव्हरच्या तोंडातून बाहेर पडून उत्तरेकडे आठ-नऊ मैल गेलो, ३० फूट पाणी, खाली चिखल, सोनेरी स्पिनर आणि त्यामागे दोन हुकांवर लांब गांडूळ, इंजिन हळू. वरच्या पाण्याचं तापमान ७६ फॅरनहाइट म्हणजे साधारण २४ सेल्सिअस, मी आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. वॉलआयला हे पाणी गरम. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि नेमका त्याच वेळी माशाला जास्त लागतो, त्यात पाच मिनिटं झुंज, मग बोटीवर कोरड्या हवेत फोटो. मिल लॅक्स म्हणून दुसरा मोठा लेक आहे दक्षिणेला, तिथे गळाने धरलेले वॉलआय जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवून किती मरतात ते मोजलं होतं, पाणी जसं तापतं तसे जास्त मरतात, आणि हुक खोल गिळलेले तर फारच. तिथे २०१७ मध्ये जुलैत तीनेक आठवडे वॉलआयची मासेमारीच बंद ठेवली होती, सोडायच्या बोलीवरसुद्धा धरायचा नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं त्या सकाळी.

पहिले दोन तास छान गेले. सात सॉगर, पाच वॉलआय, त्यातले दोन स्लॉटमधले, ओठाला हुक, अर्ध्या मिनिटात परत पाण्यात, शेपटी मारून खाली गेले. मी लिहीत होतो.

मग मुलगा सँडविच खायला बसला आणि त्याचा रॉड होल्डरमध्ये होता. टोक दोनदा हललं, पुन्हा हललं, कुणाचं लक्ष नव्हतं, मग एकदम वाकलं. गरवताना दोरा हातात असला की मासा तोंडात घेतो तेव्हाच कळतं, होल्डरमध्ये असला की त्याला गिळायला वेळ मिळतो, आमच्याकडे पोरंसुद्धा हे जाणतात. तो उठला, रॉड धरला, आजोबा मागून त्याचा शर्ट धरून उभे, आणि बाईंनी जाळीत घेतला तेव्हा तो पोरगा असा ओरडला की शेजारच्या बोटीवरचे लोक टाळ्या वाजवायला लागले. मोजपट्टीवर साडेबावीस इंच. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा. आणि हुक दिसत नव्हता, दोरा सरळ घशात गेलेला.

अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. दोरा तोंडाजवळ कापायचा, हुक आतच राहू द्यायचा आणि मासा सोडायचा. हुक आत राहिलेला मासा जगू शकतो, ओढून काढलेला बहुतेक मरतो. कॅप्टन दुसऱ्या बाजूला एका मित्राचा गुंता सोडवत होत्या. आजोबांनी खिशातली पक्कड काढली. ते मदतच करत होते, नातवाचा मासा नीट सोडायचा म्हणून हुक काढायला गेले, नवाकोरा हुक माशाच्या पोटात ठेवणं त्यांना क्रूर वाटलं असणार. आणि मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, क्लिपबोर्ड घेऊन, आणि मला माहीत होतं. ‘कापा, ओढू नका’ एवढं बोलायला किती वेळ लागतो. मी प्रोटोकॉलचा विचार केला. मी तोंड उघडलं तोपर्यंत त्यांनी पिळा दिला होता, हुक कल्ल्यात अडकून बाहेर आला आणि रक्त आलं, खूप आलं, पांढऱ्या डेकवर.

बाई धावत आल्या, मासा हातात घेतला, एकदा कल्ला उचलून बघितला आणि पाण्यात धरला. पाणी लाल होत गेलं. मी आधी तळाशी धरलेला मासा भरकन वर आणल्यावर भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगतं तसं काही आहे का बघितलं, आपल्याकडे घोळ माशाचं बघितलेलं असतं ना, पण ३० फुटांत तसं काही झालं नव्हतं, पोट साधं होतं, कारण एकच होतं आणि ते सगळ्यांनी बघितलं होतं. तीन-चार मिनिटांनी त्यांनी हात सोडला. मासा कुशीवर वळला, मग पोट वर.

मुलगा म्हणाला, मेला तो. मग आपण खाऊ या ना. अगदी साध्या आवाजात म्हणाला. आजोबांनी बाईंकडे बघितलं, मित्रांपैकी एकजण म्हणाला कोण बघतंय इथे, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शर्टावर बिल्ला लावलेला एकटा माणूस. माझ्याकडे दंड करायचे अधिकार नाहीत, मी इन्स्पेक्टर नाही, पण तेव्हा ते सांगून काय उपयोग होता. बाई शांतपणे म्हणाल्या, नाही, तो पाण्यातच राहणार. त्यांचं लायसन्स आहे आणि हे पाणी त्यांचं आहे.

मला काय झालं ते सांगतो. आमच्या घरात मासा टाकत नाहीत. रापण, म्हणजे किनाऱ्यावर ओढून घ्यायचं मोठं जाळं, ओढली की शेवटची मांदेलीसुद्धा वाटणीत येते, डोकं कालवणात जातं, काटे मांजराला जातात. दीड-दोन किलोचा, आठ-दहा वर्षं तरी जगलेला मासा आमच्या डोळ्यांसमोर तरंगत मागे जात होता आणि मी नियमाच्या बाजूने उभा होतो, आणि आजही आहे, तो नियम बरोबरच आहे. पण त्या क्षणी माझ्या हाताला तो उचलून घ्यायचा होता, हे मी लपवणार नाही. दोनशे फुटांवर पांढरे पेलिकन बसलेले होते. एक उठला, येऊन बसला, मान खाली घालून पिशवीत घेतला. शेपटी बराच वेळ बाहेर दिसत होती.

धक्क्यावर आलो तेव्हा मुलगा माझ्याकडे आला आणि माझ्या माशाचं काय लिहिलंस म्हणून विचारलं. मी कागद दाखवला. लांबी २२.५, खोली ३०, हुक घशात, कल्ल्यातून रक्त, पक्कड वापरली, सोडला, सोडताना मृत. त्याने बोट ठेवून एकेक रकाना वाचला. पक्कडीवर थांबला, आजोबा ऐकत नाहीत ना ते बघितलं आणि हळूच विचारलं, ग्रँडपाचं नाव लिहिलंय का. मी म्हटलं नाही, नावं कुणाचीच लिहीत नाही. मग मीच आजोबांकडे गेलो आणि सांगितलं की मला आधी बोलायला पाहिजे होतं, मला माहीत होतं. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, पुढच्या वेळी ओरड.

रात्री थिसिसच्या गाइडला फोन करून सांगितलं की यापुढे मी बोटीवर बसल्या बसल्या गिळलेल्या हुकाचं बोलणार, आणि तसं प्रत्येक ट्रिपच्या कागदावर नोंदवणार, हवं तर तो डेटा वेगळा काढा. त्यांनी मान्य केलं, थिसिसचे तेवढे कागद कमी झाले. झाले तर झाले.

मग घरी फोन लावला. इथे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, जुलै म्हणजे पावसाळी मासेमारीबंदी, होड्या शाकारलेल्या, बाबा जाळी घेऊन पडवीत बसलेले. सगळं सांगितलं. मला वाटलं मासा टाकला म्हणून चिडतील. ते म्हणाले, “मगे तो मासो खाल्ल्यान कोणी?” पेलिकनाने खाल्ला म्हटल्यावर हूं म्हणाले. थोडा वेळ नुसता पावसाचा आवाज. मग म्हणाले, “आमी रापणीतली पिल्लां परत टाकतंव, ती तरी जगतत काय?”

मी विचारलं, वाळूवर ओढल्यापासून पाण्यात टाकेपर्यंत किती वेळ जातो. त्यांनी कधी मोजला नव्हता. “बघूक व्हया,” म्हणाले.