उरलेलं कापड कोणाचं?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. "हात एवढा साफ आहे, मशीन घरात आहे, मग लोकांचं का शिवत नाहीस?" हे मला नणंदेनं विचारलं, बचत गटाच्या मीटिंगमध्ये विचारलं, दळण आणायला गेले तर चक्कीवाल्या भाऊंनीही विचारलं. आजवर मी डोळ्यांवर ढकलत आले. डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवते.

आधी त्या "घरबसल्या चार पैसे"चं बोलू. हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आपल्याकडे शिलाई मशीन कोणाला देतात? नवरा गेलेल्या बाईला, नाहीतर नवऱ्यानं टाकलेल्या बाईला. मंडप घालतात, पाहुण्यांच्या हस्ते वाटप होतं, फोटो निघतात, आणि बाईचा प्रश्न सुटला असं समजून सगळे जेवायला बसतात. तिच्याकडे शिवायला टाकणार कोण, हे कोणी विचारत नाही. मशीन म्हटलं की लोकांना गरज दिसते. मला तेव्हा गरज नव्हती. होती तर फक्त कापडाची हौस, आणि हौसेपायी मशीन मागणारी मुलगी घरात कोणाला समजेना.

शिकले तालुक्याच्या क्लासमध्ये. आधी दोरा न ओवता वहीच्या रेघांवर मशीन चालवायची, मग जुन्या पेपरावर कटिंग, मग झबलं, सहा कळ्यांचा परकर, आणि मग कुठे ब्लाउज. बाकीच्या मुलींना कटोरी ब्लाउज कधी शिकवतात याची घाई असायची. मी मांजरपाट भिजत घालून खळ निघाल्यावर ते किती आटतं ते मोजत बसायची. उभ्या धाग्यात ओढलं तर कापड ताठ राहतं, आडव्यात जरा सैल देतं, आणि उरेब, म्हणजे तिरकं, धरलं तर एकदम हातातून वाहायला लागतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी क्लास सुटल्यावरही तोच तुकडा ओढत बसले होते. मॅडम म्हणाल्या, फाडशील आता.

आमच्या शिवारात कापूस. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की वेचणी सुरू होते, बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून पऱ्हाटीत उतरतात, बोंडाच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून घेतात. तो कापूस जिनिंगला जातो, सरकी निघते, गाठी ट्रकात चढतात आणि जातात. आठवडी बाजारात आमच्याकडे परत येतं ते सुरतेचं पॉलिस्टर. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची, पुलगाव-हिंगणघाटलाही गिरण्या होत्या, म्हणजे पूर्वी हा माल निदान जवळपास कुठेतरी कापड होत होता. हे मला वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेल्यावर जाणवलं. गांधीजींनी १९३८ साली उघडलेली ती जागा. तिथली खादी हातात घेतली तर धागा कुठे जाड, कुठे बारीक, बोटाला सरळ कळत होतं. त्यानंतर मला खोडच लागली. दुकानात गेलं की कडेचा एक धागा मागायचा आणि काडी लावायची. सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर आकसून त्याचा टणक मणी होतो. नागपूरला गांधीबागेत एका दुकानदारानं मला हाकललं होतं. त्याचंही बरोबर होतं म्हणा, कापडाच्या दुकानात काडी पेटवणारं गिऱ्हाईक कोणाला चालेल!

तर, मी लोकांचं शिवत होते. काही वर्षं चांगलं चाललं. मग एका लगीनसराईत गावातल्या एक काकू टसर रेशीम घेऊन आल्या, भंडाऱ्याकडचं, करवतीच्या दात्यांसारख्या काठाचं. साडीशिवाय नुसतं कापड वेगळं घेतलेलं, दोन मुलींच्या दोन ब्लाउजांसाठी. रंग कसा सांगू, मोहाच्या वाळल्या फुलासारखा. मी ते रात्री घडी उघडून नुसतं बघितलं. कात्री लावली सकाळी.

टसरचे धागे कडेनं सुटतात, त्यामुळे जास्त हाताळून चालत नाही, एकदा मांडलं की मांडलं. कापडावर आखताना मी पाठीच्या मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडतात त्या, खाचेत बाहीचा गोलवा बसवला. एक बाही सरळ, एक उलटी. छपाईच्या कापडात असं करता येत नाही, फुलं डोक्यावर उभी राहतात. साध्या विणीच्या टसरला चालतं. उरेब पट्ट्या गळ्याच्या आतल्या गोलातून काढल्या. असं मांडल्यावर एका बाजूला चांगला सलग तुकडा उरला. दोन्ही ब्लाउज अंगाला अस्से बसले. शिलाई मिळाली, लग्न झालं.

लग्नानंतर काकू आल्या. सोबत त्यांची जाऊ, आणखी दोघी.

"मीटरभर कापड उरलं असन. कुठी हाय ते?"

मी म्हटलं, "काकू, मीटर कुठलं, हातभरही नाही. कतरणीत आहे."

"कतरण म्हणते! दाखव न मंग थैली."

कतरणीची थैली म्हणजे बाजाराची मोठी थैली होती, मशीनखाली ठेवलेली. त्यांनीच ती ओढली आणि आंगणात उलटी केली. समोरच्या घरची म्हातारी आली, पाण्याला निघालेल्या बाया थांबल्या. आणि मग जे झालं ते मला टसरपेक्षा जास्त लागलं. प्रत्येक जण आपापलं ओळखायला लागली. "हे तं माह्या परकराचं." "हे पोराच्या शर्टाचं, पाय न किती मोठं हाय." बोटाएवढ्या चिंध्या. टू बाय टूच्या, अस्तराच्या, शाळेच्या गणवेशाच्या निळ्या. सगळ्या जणींनी आपापल्या वेचून पदरात घेतल्या. कोणीतरी मागून म्हणालं, "कापड खाते वं ही." शिंप्याला हे गावात पिढ्यानपिढ्या म्हणत आलेत, मला पहिल्यांदा म्हटलं.

काकूंना टसर सापडलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी ताणून सगळ्यांना दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेण टाकायला गेले, तर त्या चिंध्या उकिरड्यावर होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. हव्या कोणालाच नव्हत्या. फक्त माझ्याकडे राहू द्यायच्या नव्हत्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून काम सोडतात का? मीही स्वतःला तेच म्हणते. तेव्हाची मी एकच गोष्ट धरून बसले होते: कतरण शिवणाऱ्याची, हा रिवाज आहे, चोरी कसली? आताची मी तिला विचारते, बाई गं, त्या मुंढ्याच्या खाचेत बाही बसवताना तुझ्या मनात काकूंची बचत होती का? नव्हती. मला तो तुकडा हवा होता, आणि तो सलग निघावा म्हणूनच मी तसं मांडलं. पण मग तेव्हाचीही ऐकत नाही. ती म्हणते, गबाळं मांडलं असतं तर उरल्या असत्या नुसत्या पट्ट्या, आणि कोणी थैली ओढली नसती. कापड काकूंनी आणलं हे खरं, पण ते उरलं माझ्या हातानं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. काकूंकडेही नसेल. मागे त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, तर ते टसर मिक्सरवर झाकलेलं होतं. कडांना टीपसुद्धा मारलेली नव्हती, धागे लोंबत होते. माझा हात शिवशिवत होता. चहा घेऊन आले.

त्यांचा राग आहे का, हेही विचारता. आहे. पण त्यांनी मागायला यायला नको होतं असंही मी म्हणू शकत नाही. टसर स्वस्त नसतं, दोन मुलींचं लग्न काढलेलं घर होतं.

शिवणं मी सोडलेलं नाही. घरचं शिवते, भाचरांची झबली-टोपडी शिवते. लोकांचं शिवायचं तर आता माझ्या अटीवर. कापड मी निवडून आणीन, पावती तुमच्या हातात देईन, कापडाचे पैसे आणि शिलाई तुम्ही द्याल, आणि उरेल ते माझं, बोटभर उरो की हातभर. अजून या अटीवर कोणी आलेलं नाही. नणंद म्हणते, अशानं कोणी येणारही नाही. यायचं असेल तर पोळ्याच्या आत सांगा, कारण लगीनसराईचं काम मी घेणार नाही.