फ्रान्ससाठी कागद फ्रेंचमध्ये करून घेताना

फ्रान्सचा विजा हातात पडला की वाटतं, सुटलो एकदाचे कागदपत्रांच्या कटकटीतून. विजाच्या अर्जासोबत इंग्रजी कागद चालून जातात, त्यामुळे फ्रेंच अनुवादाचा विषय मुंबईत कुणी काढतच नाही. तो निघतो इथे येऊन बस्तान बसवायला लागल्यावर. नवऱ्याच्या कामामुळे आम्ही तुलूझला आलो. विमानं बांधणाऱ्यांचं शहर, त्यामुळे पुण्या-बंगळुरूकडची बरीच मंडळी इथे भेटतात आणि थोड्याफार फरकाने सगळ्यांची कथा सारखीच. आरोग्य विम्याचं कार्यालय जन्मदाखला मागतं. तो आईवडिलांच्या नावांसकट हवा, आणि सोबत न्यायालयाच्या यादीतल्या अनुवादकाने केलेला फ्रेंच अनुवाद हवा. लग्नाच्या दाखल्याचंही तेच.

मी हे सगळं पार पाडलं, नंतर उलट्या दिशेनेही, म्हणजे फ्रेंच कागद भारतात वापरण्यासाठी. अनुवाद हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी खटपट अनुवादकाकडे जायच्या आधीची, आणि ती बहुतेक आपल्याच गावात करावी लागते.

आपल्याकडे शाळेत नाव घातल्यावर जन्मदाखल्याकडे कोण बघतं? माझ्या पिढीचा सगळा कारभार शाळा सोडल्याच्या दाखल्यावर चालला. फ्रान्समध्ये मात्र जन्मनोंद हीच माणसाची मूळ ओळख. फ्रेंच माणसाचं लग्न, घटस्फोट, मृत्यू हे सगळं त्या नोंदीच्या समासात लिहिलं जातं. म्हणून लग्नासारख्या कामाला तिथली प्रत तीन महिन्यांच्या आतली लागते. आपल्या दाखल्यात पुढे काहीच बदलत नाही, तरी ताज्या प्रतीचा आग्रह आपल्यालाही होतो. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, नवी प्रत काढावी. १९८७ साली मिळालेला, घडीवर विरलेला दाखला आईने कितीही जपून ठेवलेला असला तरी इथे त्याचा उपयोग नाही.

माझं घोडं तिथेच अडलं. माझा जन्म आजोळचा, सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावातला, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. मामाने ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली ती बारशाच्या आधी. साहजिकच 'बाळाचे नाव' हा रकाना कोरा. पुढे शाळेच्या दाखल्यावर नाव आलं आणि त्या कोऱ्या रकान्याची कुणाला आठवणही राहिली नाही. फ्रेंच कार्यालयाला मात्र 'स्त्री, अमुक तारीख, अमुक आईवडील' एवढ्यावर ती मुलगी म्हणजे मीच हे पटणं शक्य नव्हतं. नियम असा की नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत दाखल्यात नाव घालता येतं. त्यानंतरच्यांसाठी शासन अधूनमधून मुदतवाढ जाहीर करतं, आणि नशिबाने तेव्हा ती चालू होती.

गावी भाऊ गेला. भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, जन्ममृत्यूचे निबंधकही तेच. त्यांच्याकडे एकाहून जास्त गावं, त्यामुळे ते कुठल्या वारी कुठे असतात ही माहिती आधी काढावी लागते. भेटले तेव्हा भावाने व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा सरळ रजिस्टरवर धरला. निळ्या शाईतली तिरकी अक्षरं, शेवटच्या रकान्यात मामाची सही, आणि वडिलांच्या रकान्यात बाबांचं नाव, पुढे ठसठशीत 'राव' लावून.

"अरे, पासपोर्टवर बाबांच्या नावात राव नाहीये," मी म्हटलं.

"ताई, भाऊसाहेब म्हणतात रजिस्टरात आहे तसंच उतरणार. दुरुस्ती करायची तर वेगळा अर्ज, वेगळं प्रतिज्ञापत्र. आधी तुझं नाव घालून घेऊ, राव राहू दे."

राव राहिला.

नवी प्रत काढताना एक गोष्ट हट्टाने करून घ्यावी: दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेला असला पाहिजे. संगणकावरचे हल्लीचे दाखले बहुतेक तसेच असतात, पण हाताने भरलेला जुना नमुना कुणी पुढे केला तर नको म्हणावं. फ्रान्समध्ये मराठीतून फ्रेंच करणारे न्यायालयमान्य अनुवादक फारच थोडे. इंग्रजीतून करणारे पैशाला पासरी. दाखल्यावर इंग्रजी मजकूर असला की वाट पुष्कळ रुंद होते. इंग्रजी स्पेलिंग तिथल्या तिथे, शिक्का उमटण्याआधी, पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघावं. भावाने माझ्या आईच्या नावातला एक जास्तीचा 'ए' असाच काढून घेतला.

मग अपोस्टिल, म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर लागणारं प्रमाणपत्र. भारत त्यासाठीच्या हेग करारात २००५ साली आला, फ्रान्स आधीपासून होताच, त्यामुळे दूतावासाच्या शिक्क्यांची जुनी साखळी आता लागत नाही. कागद आधी राज्याच्या पातळीवर प्रमाणित होतो, वैयक्तिक कागद असेल तर मंत्रालयात, शैक्षणिक असेल तर शिक्षण खात्याच्या वाटेने. नंतर परराष्ट्र मंत्रालय त्याच्या पाठीवर अपोस्टिलचा स्टिकर लावतं. हे परराष्ट्र मंत्रालय थेट लोकांकडून कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सीमार्फतच द्यावे लागतात. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये, वर एजन्सीचे सेवाशुल्क. हे ठाऊक असलं की हजारांत बोलणाऱ्या एजंटाशी बोलताना आवाज जरा चढा ठेवता येतो.

इथे आमच्या बाबांची शिस्त आड आली. घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद त्यांनी लॅमिनेट करून ठेवलेला. लग्नाचा दाखलाही. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का बसत नाही, स्टिकर चिकटत नाही, सही उठत नाही. काउंटरवरच्या बाईंनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि परत दिला. प्लॅस्टिक सोलून काढायच्या भानगडीत पडू नका, शाईही सोबत येते. महापालिकेतून नवी प्रत काढली. बाबा अजूनही म्हणतात, "मी केलं म्हणून तो दाखला इतकी वर्षं टिकला." ते खरंच आहे.

क्रमही महत्त्वाचा: आधी अपोस्टिल, मग अनुवाद. कारण अनुवादक कागदावरचं सगळं उतरवते, पाठीवरचा अपोस्टिलही, त्यातल्या दहाच्या दहा ओळी. अनुवाद आधी केला आणि स्टिकर नंतर लागला तर अनुवाद अपुरा ठरतो आणि पुन्हा पैसे. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने पुण्यातच एका संस्थेकडून सुरेख फ्रेंच अनुवाद करून आणला होता. भाषेला नावं ठेवायला जागा नव्हती, पण प्रीफेक्चरने, म्हणजे निवास परवाने देणाऱ्या इथल्या सरकारी कचेरीने, तो बाजूला ठेवला. इथे भाषेच्या आधी अनुवादकाचा शिक्का बघतात.

तो शिक्का असणारे लोक अपील न्यायालयासमोर शपथ घेतलेले असतात. प्रत्येक अपील न्यायालय त्यांची यादी प्रसिद्ध करतं, भाषेनुसार शोधता येते, आणि एका न्यायालयाच्या यादीतला माणूस देशभर चालतो. त्यामुळे आपल्याच शहरातला शोधायची गरज नाही. दर सरकारने बांधलेले नाहीत. मला पानामागे चाळीस-पन्नास युरोंच्या आसपासचे भाव सांगितले गेले, आणि अपोस्टिलची पाठ हेही एक पान धरलं जातं. दोन-तीन ठिकाणी स्कॅन पाठवून भाव विचारावा. जिने स्कॅन नीट वाचून उलट प्रश्न विचारले तिला मी काम दिलं.

तिचा पहिलाच प्रश्न त्या रावाचा. पासपोर्टवर वडिलांचं नाव वेगळं दिसतंय, असं तिने लिहिलं. मी उत्तर धाडलं की राव हा आदरार्थी लागतो, नावाचा भाग नाही, अनुवादात गाळला तर बरं. तिचं उत्तर नम्र पण ठाम होतं: "मादाम, कागदावर जे आहे ते मी काढू शकत नाही आणि जे नाही ते घालू शकत नाही. मी त्याचीच शपथ घेतली आहे." ग्रामपंचायतीचा गोल शिक्का फक्त मराठीत होता, तर तिने चौकटी कंसात 'मराठी भाषेतील गोल शिक्का' एवढंच लिहिलं. वाचता न येणारी सही 'अवाचनीय सही' म्हणून नोंदवली. प्रत्येक पानावर तिचा शिक्का, सही, अनुक्रमांक, आणि 'ने व्हारिएतुर' ही लॅटिन नोंद, म्हणजे यात आता बदल करायचा नाही. तीच नोंद आणि तोच क्रमांक माझ्या दाखल्याच्या प्रतीवरही, दोन्ही एकत्र जोडून. ही जोडणी सुटी करू नये. स्कॅन करायलासुद्धा पिन काढू नये.

रावाने शेवटी काही बिघडवलं नाही. बिघडवलं माझ्या स्वतःच्या नावाने. जन्मदाखल्यावर मी, बाबांचं नाव, माहेरचं आडनाव. पासपोर्टवर मी, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. फ्रेंच व्यवस्थेत लग्नाने नाव बदलत नाही. क्रांतीच्या काळातला, १७९४ चा कायदा आहे की जन्मनोंदीत आहे तेच नाव, आणि तो आजही लागू आहे. नवऱ्याचं आडनाव वापरायला मिळतं, पण ते फक्त वापरायचं नाव. वर माझ्या पासपोर्टात नवऱ्याचं नाव मधल्या जागी असल्याने निवास परवान्यावर ते माझं दुसरं पाळण्यातलं नाव म्हणून छापून आलं. पोस्टातली बाई ओळखपत्र बघून एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या पुरुषी नावाकडे बघते, आणि मी आता स्पष्टीकरण देणं सोडून दिलंय.

विमा कार्यालयाला दोन नावांची एकच बाई हवी होती. तिथे उपयोगी पडलं ते राजपत्र. लग्नानंतर बँकेच्या कामासाठी नावबदलाची जाहिरात महाराष्ट्र शासन राजपत्रात दिली होती. जुनं नाव, नवं नाव, एका ओळीत, सरकारी छाप्यात. तेही अनुवाद करून जोडलं. नोटरीकडचं 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र मी सोबत ठेवलं होतं, पण त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. लग्न करून इथे येणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते की पासपोर्टवरचं नाव बदलायची घाई करू नका. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि माहेरच्या नावाचा दाखला असला की अर्धी फाइल आपोआप कमी होते.

काम झालं. तोवर माझ्याकडे विम्याचा ८ ने सुरू होणारा तात्पुरता क्रमांक होता आणि डॉक्टरांकडचे पैसे परत मिळवायला तपकिरी कागदी फॉर्म पोस्टाने पाठवावे लागत. कायमचा क्रमांक आला तो २ ने सुरू होणारा, २ म्हणजे स्त्री. मग जन्माचं साल, महिना, पुढे ९९ म्हणजे परदेशात जन्म, आणि २२३ म्हणजे भारत. कार्डावर नाव माहेरचं.

उलट्या दिशेचं काम मुलाच्या जन्मानंतर निघालं. इथे जन्म पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदवावा लागतो आणि नाव तेव्हाच सांगावं लागतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, बारसं व्हायच्या आधी नाव कसं ठेवायचं?" कागदावर आधी, पाळण्यात नंतर, असा तोडगा निघाला. आईवडील दोघंही भारतीय असतील तर इथे जन्मून मूल आपोआप फ्रेंच होत नाही. भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत आपल्या दूतावासात नोंद करावी लागते. तिथे फ्रेंच दाखल्याचा अनुवाद विकत घ्यायची तयारी मी ठेवली होती, तेव्हा नगरपालिकेतल्या मुलीनेच सुचवलं की जन्मनोंदीचा बहुभाषी उतारा मागा. तो फुकट मिळतो आणि त्यात रकान्यांची नावं इंग्रजीतही असतात. संपूर्ण प्रत आणि हा उतारा, दोन्ही नेले, आमचं काम त्यावर झालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्सेयला भारताचा वाणिज्य दूतावास सुरू झाला, त्यामुळे दक्षिणेकडच्यांची पॅरिसची वारीही टळली आहे.

फ्रेंच पदवी किंवा इतर कागद भारतात दाखवायचा असेल तर त्याला फ्रेंच अपोस्टिल लागतो. तो पूर्वी अपील न्यायालयातल्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात मिळायचा, १ मे २०२५ पासून नोटरींकडे गेला आहे. जुनी माहिती वाचून न्यायालयात जाऊ नका.

आणि पुण्याच्या फ्लॅटसाठी मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर फ्रेंच नोटरीकडे जाऊच नये. तो ते फ्रेंचमध्ये करणार, मग अपोस्टिल, मग इंग्रजी अनुवाद. त्यापेक्षा मसुदा वकिलाकडून इंग्रजीत मागवावा, आपल्या दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करावी आणि मूळ कागद कुरियरने घरी पाठवावा. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, तेवढं ज्याच्या नावे मुखत्यारपत्र आहे त्याला बजावून सांगा.