केनी काशीला गेला : 'अ न्यू फ्रंटियर'च्या चार सेव्हच्या नोंदी

८ जून, डिचोली

टेलटेल गेम्सच्या 'द वॉकिंग डेड' या व्हिडिओ गेम मालिकेचा तिसरा सीझन, म्हणजे 'अ न्यू फ्रंटियर', डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाला तेव्हा मी तो घाईघाईने खेळलो होतो, आणि मे २०१७ मध्ये त्याचा पाचवा भाग संपल्यावर रागाने कंट्रोलर कपाटात ठेवून दिला होता. राग खरा होता, पण त्याचे कारण मला नेमके सांगता येत नव्हते. आधीच्या दोन सीझनांत जिला वाढताना पाहिले त्या क्लेमेंटाइनला बाजूला सारून हा नवा नायक हावियर गार्सिया कशाला आणला, ही तेव्हा सर्वांचीच तक्रार होती आणि तीच मीही करीत होतो. यंदाच्या पावसाळ्यात ती तक्रार तपासून पाहायचे ठरवले आहे. दुसऱ्या सीझनच्या चारही शेवटांच्या वेगवेगळ्या सेव्ह (म्हणजे साठवून ठेवलेले डाव) तयार करायच्या, त्या तिसऱ्या सीझनमध्ये न्यायच्या, आणि प्रत्येक शेवट तेथे किती वेळ तग धरतो हे घड्याळ लावून टिपायचे, असा हा बेत आहे.

खेळण्यासाठी २०१९ मध्ये निघालेली एकत्रित आवृत्ती घेतली आहे, कारण तीत सगळे सीझन एकाच जागी मिळतात. कंट्रोलर भाचीच्या हाती आणि वही माझ्या हाती, अशी कामाची वाटणी झाली आहे. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवारी फोंड्याहून बसने येते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते, म्हणून नोंदी आठवड्याच्या अंतराने पडतील. ज्यांनी ही मालिका खेळलेली नाही, त्यांनी येथेच थांबावे; पुढे काहीही झाकून ठेवलेले नाही.

१५ जून

तिसऱ्या सीझनकडे वळण्यापूर्वी पहिला पुन्हा खेळलो, आणि ते बरे झाले. २०१२ मधील त्या पाच भागांबद्दल आपण सगळेच थोडे भाबडेपणाने बोलतो. आपले निर्णय कथा बदलतात असे आपण सांगतो, पण प्रत्यक्षात त्या कथेचा ओघ फारसा बदलत नाही. मेकनमधल्या औषधांच्या दुकानात तुम्ही सोबत्यांपैकी डगला वाचवा की कार्लीला, जो वाचेल तो तिसऱ्या भागात रस्त्याच्या कडेला त्याच टोळीतल्या लिलीच्या गोळीने मरतोच. दोन्ही वाटा शेवटी एकाच आगगाडीत येऊन बसतात.

तरीही तो निर्णय फसवा वाटत नाही, आणि याचे कारण शोधताना मला बराच वेळ दुसऱ्या भागातल्या मोटेलच्या आवारात घालवावा लागला. पहिल्या सीझनचा नायक ली याच्या हाती खाण्याच्या चार वस्तू दिलेल्या असतात आणि माणसे दहा असतात. भाचीने पहिली वस्तू विचार न करता क्लेमेंटाइनला दिली, दुसरी केनीच्या लहान मुलाला, डकला, दिली आणि मग ती थबकली. लिलीच्या बापाला, लॅरीला, द्यावे तर तो शिव्या घालतो, न द्यावे तर लिली मनात धरते, आणि स्वतः लीनेही काही खाल्लेले नसते. त्या आवारात ती पंधरा मिनिटे नुसती फिरत होती. खेळ तिला घाई करीत नव्हता, एकेकाजवळ जाऊन बोलू देत होता. कार्ली त्या आवारात पहाऱ्याला उभी होती, म्हणजे पहिल्या भागातला निर्णय बंदूक घेऊन समोर उभा होता. पुढे ती मेली तरी तोवर तिच्यासोबत दिवस काढून झालेले असतात. वाटा एकत्र येणार हे ठरलेलेच आहे, पण त्या एकत्र येण्यापूर्वी चालायला रस्ता मिळतो. वहीत मी या वाक्याखाली रेघ ओढली, कारण तिसऱ्या सीझनची मोजणी याच मापाने करायची आहे.

२९ जून

मागचा शनिवार विजेच्या खेळखंडोब्यात गेला. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण पंखा आणि लॅपटॉप दोन्ही चालत नाहीत, आणि या दमट हवेत पंख्याशिवाय बसणे वॉकरांच्या (म्हणजे चालत्या मढ्यांच्या) घोळक्यात बसण्याहून कठीण आहे.

या आठवड्यात दुसऱ्या सीझनचा शेवटचा भाग चार वेळा संपवला. बर्फात, रस्त्याकडेच्या विश्रांतिस्थळी क्लेमेंटाइनचे दोन सोबती, पहिल्या सीझनपासूनचा केनी आणि नंतर आलेली जेन, एकमेकांच्या जिवावर उठतात. जेनने तान्ह्या एजेला गाडीत लपवून केनीला मुद्दाम डिवचलेले असते, आणि अकरा वर्षांच्या क्लेमेंटाइनने गोळी झाडायची की मान फिरवायची हे आपल्याला ठरवावे लागते. पहिल्या सेव्हमध्ये क्लेमेंटाइन केनीबरोबर पुढे निघाली. दुसरीत तिने केनीला गोळी घातली आणि ती जेनबरोबर हाउच्या दुकानाकडे परतली. तिसरीत केनीने गयावया करून तिला वेलिंग्टन या वसाहतीच्या फाटकाआत पाठवले आणि स्वतः बाहेर राहिला. चौथीत ती बाळाला घेऊन एकटी चालत राहिली.

तिसऱ्या सेव्हच्या वेळी भाची रडली. मी वहीत तोंड घालून बसलो होतो, त्यामुळे माझ्याविषयी नोंद नाही.

६ जुलै

तिसरा सीझन सुरू केला. आरंभ चांगला आहे, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. सट्टेबाजीमुळे कायमची बंदी आलेला बेसबॉल खेळाडू हावी, म्हणजे हावियर, वडिलांच्या अखेरच्या घटकेला उशिरा पोहोचतो आणि दारातच थोरला भाऊ डेव्हिड त्याला ठोसा मारतो. घरात शोक चालू असतानाच मृत वडील उठून बसतात. कुटुंबाची भांडणे आणि जगबुडी एकाच खोलीत आणण्याचे हे काम उत्तम साधले आहे. पुढे काही वर्षांनी व्हॅनमधून भटकणारा हावी, भावाची दुसरी बायको केट आणि तिची सावत्र मुले गेब व मारियाना ही मंडळीही बरी उभी राहिली आहेत. म्हणजे 'नवा नायक नको' ही माझी जुनी तक्रार पहिल्याच तासात मोडीत निघाली.

मग आली क्लेमेंटाइन. झाड पाडून तिने गाडी अडवली, बंदूक रोखून ती समोर उभी राहिली, आणि भाचीच्या तोंडून आपोआप "आली!" असे निघाले. त्यानंतर काही वेळाने भूतकाळाचा तो प्रसंग आला ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. केनी तिला गाडी चालवायला शिकवतो, अपघात होतो, तो जागचा हलू शकत नाही, वॉकर येतात, आणि बाळ घेऊन पळणाऱ्या मुलीसाठी तो मागे राहतो. घड्याळात दहा मिनिटेही भरली नाहीत.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या गावी देवळाच्या उत्सवात नाटक होत असे आणि माझे वडील त्यात प्रॉम्प्टिंग करीत. एखादा नट ऐन वेळी तापाने फणफणला, की दुसऱ्या अंकात कोणीतरी येऊन "दादासाहेब काशीला गेले" असे सांगून मोकळा होई. पुढच्या रांगेतली माणसे हसत आणि माफ करीत, कारण अडचण खरी असे आणि दादासाहेब त्याच वेळी घरी काढा पीत असत. हा किस्सा मी भाचीला कधीतरी सांगितला होता. केनीचा प्रसंग संपताच तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मामा, केनी काशीला गेला." तेव्हापासून आमच्या वहीत हाच पारिभाषिक शब्द आहे.

१३ आणि २० जुलै

उरलेल्या तीन सेव्हचा पहिला भाग. जेनच्या सेव्हमध्ये जेन काशीला गेली, तीही अत्यंत वाईट प्रकारे. आपल्याला दिवस गेल्याचे कळल्यावर तिने गळफास घेतला आणि क्लेमेंटाइनला ती तशी सापडली. तीन भाग पोसलेल्या व्यक्तिरेखेची अशी वासलात लावायची आणि लगेच पुढे निघायचे, याला मी धाडस म्हणणार नाही, आळस म्हणेन. वेलिंग्टनच्या सेव्हमध्ये वसाहतीवर हल्ला होऊन ती उद्ध्वस्त होते. एकटीच्या सेव्हमध्ये गाडीच्या दारात सापडलेले बोट तिला स्वतःच तोडावे लागते, आणि या चारांत मला हाच प्रसंग सर्वांत प्रामाणिक वाटला, कारण तेथे दुसऱ्या कोणाला मारून सुटका करून घेण्याची सोयच नव्हती.

चारही प्रसंग संपल्यावर चारही क्लेमेंटाइन त्याच वाटेला, त्याच वयाच्या, त्याच बेताने निघतात. खुणा तेवढ्या वेगळ्या असतात. डग किंवा कार्लीला जवळजवळ दोन भागांचे आयुष्य मिळाले होते. केनीला, ज्याच्यासोबत आपण दोन सीझन काढले, चहा गार व्हायला लागतो तेवढा वेळ मिळाला.

असे का झाले असावे, यावर भाचीशी वाद झाला. ती म्हणते, त्यांना कंटाळा आला होता. मला वाटते, दुसऱ्या सीझनच्या शेवटीच हे दुखणे जन्माला आले. चार खरोखर वेगळे शेवट देणे म्हणजे पुढच्या सीझनसाठी चार कथा लिहिणे, चौपट संवाद मुद्रित करणे, चौपट प्रसंग ॲनिमेट करणे. तेवढे करणे कोणालाही परवडणारे नाही, म्हणून चारही दोर एकाच वेळी कापले गेले. शिवाय पहिल्या सीझनचे प्रकल्पप्रमुख शॉन व्हॅनमन आणि जेक रॉडकिन २०१३ मध्येच बाहेर पडून कॅम्पो सँटो ही स्वतःची कंपनी स्थापन करून बसले होते, आणि टेलटेल मात्र बॉर्डरलँड्स, गेम ऑफ थ्रोन्स, माइनक्राफ्ट, बॅटमॅन अशी एकामागून एक ताटे वाढत होती. पंगत मोठी झाली की आमटी पातळ होते.

१० ऑगस्ट

आता एकच सेव्ह, केनीची, घेऊन पुढचे भाग खेळतो आहोत. मारियानाचा पहिल्या भागाच्या शेवटी अचानक झालेला मृत्यू दुसऱ्यांदा पाहूनही अंगावर आला. पण त्यानंतर रिचमंडची वसाहत, तिचे चार नेते, त्यांत निघालेला डेव्हिड, त्यांतल्याच जोनचे कारस्थान, हे सगळे इतक्या वेगाने येते की कोणाजवळ उभे राहायलाच मिळत नाही. पहिल्या सीझनमध्ये एक भाग खेळायला आम्हाला दोन तास किंवा जास्त लागत होते, येथे दीड तास पुरतो, आणि त्यातही हिंडायला, खणांत डोकवायला, निरर्थक वाटणारी चौकशी करायला जागा जवळजवळ नाही. चौथ्या भागात फाशीच्या चबुतऱ्यापाशी ट्रिप की एव्हा, दोघांपैकी कोणाला वाचवायचे, हा प्रश्न विचारला जातो तेव्हा भाचीने मला विचारले, "यातली एव्हा कोण?" तिची चूक नव्हती. ज्याच्याशी मोटेलच्या आवारात पंधरा मिनिटे काढलेली नाहीत, त्याचा जीव वाचवण्याचा निर्णय कितीही लवकर घेता येतो.

चित्रण मात्र सरस आहे. चेहऱ्यांवर भाव स्पष्ट दिसतात आणि मारामारीत कॅमेरा अडखळत नाही. गेबच्या किरकिरीबद्दल आम्हा दोघांचे एकमत आहे आणि त्यावर अधिक लिहीत नाही.

२४ ऑगस्ट

पाचवा भाग संपला. शेवटाजवळ क्लेमेंटाइन हावीकडून केस कापून घेते. पहिल्या सीझनमध्ये आगगाडीत लीने तिचे केस कापले होते आणि मरताना केस आखूड ठेव असे तिला बजावले होते. त्यामुळे कात्री हातात आली तेव्हा आम्ही दोघेही गप्प झालो. भाचीने घाई केली नाही. समोर पाठमोरी बसलेली मुलगी, तिची मान, आणि कोणी मरत नाही, कोणी पळत नाही. संपूर्ण सीझनमध्ये माझ्या वहीत 'रस्ता मिळाला' अशी खूण पडली ती याच एका जागी. असे आणखी सहा प्रसंग असते तर मी २०१७ मध्ये कंट्रोलर कपाटात ठेवला नसता.

३१ ऑगस्ट

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली आहे, माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचे, सामान आणायचे आहे आणि घरची मंडळी लॅपटॉपकडे वाकड्या नजरेने पाहू लागली आहेत, म्हणून 'द फायनल सीझन' चवथीनंतर. त्याचे दोन भाग झाले असताना सप्टेंबर २०१८ मध्ये टेलटेलने बहुतेक सर्व माणसे कामावरून काढली आणि उरलेले दोन भाग स्कायबाउंड या दुसऱ्या कंपनीने २०१९ मध्ये पुरे केले, एवढे भाचीला सांगून ठेवले आहे. हावी त्यात दिसत नाही, हेही सांगितले. मधल्या सीझनमध्ये आपण ज्याच्या डोळ्यांनी पाहिले तोच पुढे काशीला गेला, यावर ती हसली.

पुढे कोणती सेव्ह न्यायची हे तिच्यावर सोडले होते. एकटीची सेव्ह घ्यावी असे माझे मत होते, कारण तीच सर्वांत कमी खोटी निघाली. तिने वही मागून घेतली, चारही नावे वाचली, आणि केनीच्या नावापुढे पेनाने गोल केला.