ठिबकचं अनुदान आणि एका शिक्क्यासाठी नऊ खेटे

शिरोळ तालुक्यात आमचं दीड एकर काळं रान हाय. खालच्या बाजूला उन्हाळ्यात जमीन पांढरी फुटायला लागली. सरी तुडुंब भरल्याशिवाय आमच्या तात्यांना पाणी पाजल्यासारखं वाटतच नाही, वर निचरा नाही, मग खालचं पाणी वर येतंय आणि मीठ वरच राहतंय. म्हणून वरच्या एकरात तरी ठिबक करायचं ठरवलं.

महाडीबीटीवरचा, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवरचा, अर्ज सोपा गेला, सेतूवाल्या पोरानं भरून दिला. अल्पभूधारकाला केंद्राच्या योजनेतनं ५५ आणि राज्याचं पूरक २५ असं ८० टक्के अनुदान बसतंय, तेपण सरकारनं ठरवलेल्या खर्चावर, दुकानदाराच्या बिलावर नव्हं.

अडलं कुठं, तर पाण्याच्या दाखल्यावर. आमची विहीर नाही, बोअर नाही, नदीवरनं पंपानं उचललेलं लिफ्टचं पाणी. म्हणजे ते पाणी देणाऱ्या पाणी संस्थेचा दाखला पायजे. पहिल्यांदा गेलो तर सचिव लग्नाला, दुसऱ्यांदा सचिव हायत पण शिक्का कपाटात आणि किल्ली चेअरमनकडं, तिसऱ्यांदा म्हणाले मागची पाणीपट्टी भरा, ती भरली, पावती घेतली, तर लेटरहेड संपलेलं! झेरॉक्स काढून मीच नेऊन दिलं. शेवटी दाखला मिळाला, घरी येऊन बघतोय तर गट नंबर २१४ च्या जागी २४१. तसाच अपलोड केला, म्हटलं कोण बघतंय, आणि बरोब्बर तेवढ्यावरच अर्ज परत. चूक माझीपण हाय, पण राग सचिवांचाच आला. दुरुस्तीला आणि चार खेटे, त्यात ते मलाच म्हणतात, "तवाच बघायचं नव्हतं व्हय?"

तर दाखला हातात पडला की तिथंच उभं राहून सातबाऱ्याशी ताडून बघा. आणि हो, पूर्वसंमती यायच्या आधी नळ्या आणू नका, आधीच्या तारखेचं बिल चालत नाही, आमच्या शेजाऱ्याचं तसंच अडकलंय. खातं आधारला जोडलंय का तेपण आधीच बघा.

मोका तपासणीला साहेब आले, फोटो काढले, दहा मिनिटांत गेले. पैसे खात्यात आले त्या दिवशी तात्यांना मेसेज दाखवला, त्यांनी नुसतं हूं केलं. रोज सकाळी जाऊन नळीखालची माती उकरून बघतात, ओल पोचलीय का म्हणून.

संस्थेची पट्टी मात्र एकरावरच हाय, पाणी कमी घेतलं तरी तेवढीच. त्याचं विचारायला परत त्याच सचिवांकडं जायचं म्हणजे... बघू, लगीनसराई संपू दे.